२५७ ॲक्ले: पुंगळी घडवण्याआधी आणि घडवताना

माझ्या टेबलावर पेनं ठेवायच्या डब्यात एक पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, आहे, दोन तुकड्यांत. बुडाचा तुकडा बोल्टबरोबर (काडतुसामागे बंद होणारा रायफलचा दट्ट्या) बाहेर आला आणि वरची नळी चेंबरमध्येच (बॅरलच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची पोकळी) अडकून बसली. तशी का तुटली ते मला कळायला दोन महिने लागले. हा लेख लिहायचं कारण तीच पुंगळी. वाइल्डकॅट, म्हणजे घरी घडवलेल्या अप्रमाणित मापाच्या, काडतुसाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्याला सगळे जण प्रेस (पुंगळी दाबायचं यंत्र) कुठली, डाय (तिला आकार देणारा साचा) कुठली, पावडर कुठली हे सांगतात. पुंगळीचं बूड बोल्टला घट्ट टेकलं आहे की नाही, हे आधी बघ असं कोणी सांगत नाही. बाकीचं सगळं त्यानंतर येतं.

सुरुवातीला कायद्याचं बोलून घेतो. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायचं असेल तर लागतो, आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, ते आपापले बघावेत. भारतात गोष्ट अगदी निराळी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तुरुंगाची आहे. बंदुकीचा परवाना खिशात असला म्हणून काडतूस बनवायचा परवाना मिळत नाही. त्यामुळे पुण्या-नागपुरात बसून हे वाचणाऱ्याने धातूकामाची गोष्ट म्हणून वाचावं. जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्याने हातात प्रेस घेऊन वाचलं तरी चालेल.

शब्दांचंही ठरवून घेऊ. इंग्रजीत ज्याला केस म्हणतात त्याला मी पुंगळी म्हणणार, नाहीतर ‘केस उभे चिरले’ असं वाक्य आलं की तुमचा हात डोक्याकडे जाईल. पुंगळीला मान असते, खांदा असतो, अंग असतं, बूड असतं. माप इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे आपल्या लेथवाल्यांच्या भाषेत थाउमध्ये. एक थाउ म्हणजे मिलिमीटरचा साधारण चाळिसावा भाग.

वाइल्डकॅट म्हणजे काय, आणि हेच का

ज्या काडतुसाला उद्योगाचं अधिकृत प्रमाणित माप नाही आणि जे दुकानात भरलेलं मिळत नाही, ते वाइल्डकॅट. कोणीतरी आधीच्या पुंगळीची मान लहान-मोठी केली, खांदा पुढे-मागे केला, आणि त्या मापाचं चेंबर कापून घेतलं. आज बाजारात सर्रास मिळणारी बरीच काडतुसं एकेकाळी अशीच कोणाच्या तरी गॅरेजात जन्मली. २२-२५० हे रेमिंग्टनने १९६५ मध्ये उचललं, २५-०६ हे १९६९ मध्ये. २८० ॲक्लेला तर २००७ मध्ये अधिकृत माप मिळालं, म्हणजे ते आता वाइल्डकॅट राहिलंच नाही.

मी उदाहरणाला २५७ रॉबर्ट्स ॲक्ले इम्प्रूव्ह्ड घेतो, कारण तेच मी करतो आणि त्याची वंशावळ समजायला सोपी आहे. आजोबा म्हणजे १८९० च्या दशकातलं जर्मन ७×५७ माउझर. मेजर नेड रॉबर्ट्स यांनी त्याची मान पाव इंचाच्या गोळीसाठी आवळली. रेमिंग्टनने १९३४ मध्ये ते २५७ रॉबर्ट्स या नावाने बाजारात आणलं. मग पार्कर ओटो ॲक्ले या गनस्मिथने त्याच पुंगळीचं अंग जवळजवळ सरळ केलं आणि उतरता खांदा ४० अंशांचा केला. मूळ रॉबर्ट्सचा खांदा २० अंशांच्या थोडा वर आहे. शेजारी शेजारी ठेवल्या तर एक सोड्याच्या बाटलीसारखी दिसते आणि दुसरी औषधाच्या बाटलीसारखी.

फायदा काय? पावडरीला थोडी जास्त जागा होते आणि वेग सेकंदाला साधारण शंभर फुटांनी वाढतो. शंभर फुटांसाठी एवढा उपद्व्याप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खरा फायदा वेगळाच आहे. ताठ खांद्यामुळे पितळ मानेकडे कमी सरकतं, पुंगळी दर वेळी लांब होत नाही आणि जास्त वेळा वापरता येते. आणि हे काम हाताला आवडतं, ते वेगळंच.

नवख्यासाठी ॲक्लेच का, याचं उत्तर मात्र पक्कं आहे: चेंबर बरोबर कापलेलं असेल तर दुकानातून आणलेलं साधं २५७ रॉबर्ट्स काडतूस त्यात झाडता येतं. काडतूस जातं रॉबर्ट्स म्हणून आणि पुंगळी बाहेर येते ॲक्ले होऊन. घडवण्याचं काम चेंबरच करतं. पहिल्या वीस-चाळीस पुंगळ्या अशाच करा. ना पावडर मोजायची, ना काही.

पण ‘चेंबर बरोबर कापलेलं असेल तर’ या पाच शब्दांतच माझ्या दोन तुकड्यांची गोष्ट आहे.

आधी चेंबर, मग पितळ

ॲक्लेचं चेंबर मूळ काडतुसाच्या चेंबरपेक्षा साधारण ४ थाउ आखूड ठेवायचं असतं. साधा कागद असतो तेवढंच. म्हणून जुन्या बॅरलमध्ये नुसता ॲक्लेचा रीमर (चेंबर कापायचं हत्यार) फिरवून चालत नाही. गनस्मिथला बॅरल लेथवर चढवून मागच्या बाजूने थोडी छाटावी लागते, मग परत चेंबर कापावं लागतं. पडताळा सोपा आहे. गेज म्हणजे चेंबरची लांबी तपासायचा पोलादी ठोकळा: ‘गो’वर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर होता कामा नये. मूळ रॉबर्ट्सचा ‘गो’ गेज ॲक्लेच्या चेंबरमध्ये घातला तर बोल्ट बंद होता कामा नये. मूळचा ‘गो’ तो इथला ‘नो-गो’.

ते ४ थाउ कशासाठी, ते नीट समजून घ्या. रॉबर्ट्सचा उतरता खांदा आणि चेंबरचा ताठ खांदा यांच्यामध्ये झाडण्यापूर्वी पोकळी असते. पुंगळी पुढे फक्त एकाच जागी टेकते, मान आणि खांदा जिथे जुळतात त्या कडेवर. चेंबर ४ थाउ आखूड असेल तर बोल्ट बंद होताना ती कड किंचित दाबली जाते, आणि बूड मागे बोल्टला घट्ट बसतं. पुंगळी दोन्ही टोकांना पकडलेली असते.

चेंबर आखूड नसेल तर? काडतूस पेटवणारी बोल्टमधली पिन आदळली की पुंगळी पुढे ढकलली जाते आणि बुडामागे फट पडते. मग दाब वाढतो, दर चौरस इंचाला ५० हजार पौंडांच्या आसपास. पुंगळीची पुढची भिंत पातळ, ती लगेच फुगून चेंबरला चिकटते. बूड जाड, ते फुगत नाही. ते मागे सरकत जातं आणि बोल्टला आदळून थांबतं. पुढचं टोक चिकटलेलं, मागचं सरकलेलं, म्हणजे मधलं पितळ ताणलंच पाहिजे. ताण येतो बुडाच्या जाड भागाच्या जरा वर. पहिल्या वेळी बाहेरून काहीच दिसत नाही. दुसऱ्या वेळी एक चकचकीत रेघ दिसते. तिसऱ्या किंवा चौथ्या वेळी पुंगळी तिथेच तुटते, आणि तप्त वायू तुमच्या तोंडाकडे यायची वाट शोधतो.

माझी बॅरल वापरलेली होती. ज्याने चेंबर कापलं त्याने रीमर ॲक्लेचा वापरला होता, पण बॅरल मागे घेतलीच नव्हती. मी गेज लावून बघितलं नाही, कारण मला चेंबरवर शिक्का दिसला आणि मी शिक्क्यावर विश्वास ठेवला. चष्मा घातलेला होता म्हणून आज गंमतीने लिहितो आहे.

तेव्हा पहिली पायरी ही: बॅरल नवी असो की जुनी, गेज स्वतः लावा किंवा तुमच्यासमोर लावून घ्या. बोल्टमधली पिन आणि स्प्रिंगवर चालणारा इजेक्टर (झाडलेली पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून ठेवा, म्हणजे हाताला खरं जाणवतं. बोल्टचा दांडा नुसत्या दोन बोटांनी खाली न्यायचा. जोर लावला तर गेजही खोटं बोलतं.

दुसरी: गनस्मिथकडून रीमरचा आराखडा मागून घ्या. त्यात चेंबरच्या मानेचा व्यास असतो, तो पुढे लागणार आहे. आराखडा मिळत नसेल तर चेंबरचा साचा काढता येतो. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसमध्येच वितळतो. चेंबर स्वच्छ करून, पुढे बॅरलमध्ये कापडाचा बोळा घालून तो ओतायचा. पहिल्या अर्ध्या तासात तो आक्रसतो, तेवढ्यात बाहेर काढायचा. मग तो परत फुगू लागतो आणि साधारण तासाभराने बरोबर चेंबरच्या मापाचा होतो. मोजायचं ते तेव्हा. त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका. घरी मी एकदा वापरलं होतं. नवीन पातेलं आणावं लागलं.

पितळ आणि तांबट आळी

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. या धातूची एकच खोड लक्षात ठेवायची: वाकवला, दाबला, ताणला की तो कडक होत जातो आणि शेवटी चिरतो. ज्यांनी पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तांबट तांब्याच्या पत्र्यावर ठोके घालत जातो, ठोक्यांचा आवाज बदलतो, पत्रा ‘बोलायला’ लागतो, मग तो भट्टीत घालून मऊ करून घेतो आणि परत ठोकायला बसतो. मठारलेल्या घंगाळ्याच्या अंगावर दिसतात ते ठोके अशा कितीतरी फेऱ्यांनंतरचे असतात. पुंगळीची मान आवळताना आपण तेच करतो, फक्त हातोडीच्या जागी डाय असते.

फरक एक आहे आणि तो जिवाशी गाठ घालणारा आहे. घंगाळं सगळं मऊ केलं तरी चालतं. पुंगळीची फक्त मान आणि खांदा मऊ हवा. बूड कडकच राहिलं पाहिजे. मऊ बुडाची पुंगळी भरायची म्हणजे कुकरला कागदाची गॅसकेट लावायची.

पुंगळ्या घेताना सगळ्या एका कंपनीच्या, शक्यतो एकाच लॉटच्या घ्या. कुठल्यातरी रेंजच्या बादलीतून वेचलेल्या पंचरंगी पुंगळ्यांवर शिकू नका. त्यांच्या भिंतीची जाडी वेगळी, कडकपणा वेगळा. चूक तुमची की पुंगळीची हे कळणारच नाही.

दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता वर सांगितला: तयार रॉबर्ट्स झाडायचं. ते काडतूस कधी कधी सहा-सहा महिने दुकानात दिसत नाही, तेव्हा दुसरा रस्ता घ्यावा लागतो, ७×५७ च्या रिकाम्या पुंगळीपासून. खरं घडवणं इथे आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

७×५७ पासून

नव्या, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली छोटी टोपी) नसलेल्या पुंगळ्या घ्या. मानेचं तोंड कधी कधी चेपलेलं असतं, ते आधी गोल करून घ्या. मग वंगण. पूर्ण अंगाला पातळ थर, बोटांनी चोळून, जसं लहान बाळाला तेल लावतात तसं. ओघळ दिसता कामा नये. खांद्यावर वंगण साचलं की ते डायमध्ये दाबलं जातं, त्याला जायला जागा नसते आणि खांद्यावर खळगा पडतो. कमी लावलं तर पुंगळी डायमध्ये रुतते, आणि ती काढताना जी भाषा तोंडातून निघते ती इथे छापता येणार नाही.

आता ॲक्लेची साइझिंग डाय (पुंगळी दाबून मापात आणणारी) प्रेसमध्ये बसवा, पण पूर्ण खाली नाही. दोन-तीन फेरे वरच ठेवा. सगळं कौशल्य याच जागी आहे. डाय पूर्ण खाली घेतली तर सगळी मान एकदम पाव इंचाची होईल आणि पुंगळीला चेंबरमध्ये पुढे टेकायला काही उरणार नाही; वर सांगितलेली फट आपण स्वतःच्या हाताने तयार केली असं होईल. म्हणून मानेचा वरचा भाग फक्त आवळायचा आणि खांद्याजवळचा छोटा पट्टा ७ मिलिमीटरचाच ठेवायचा. मानेवर एक बारीक पायरी तयार होते. तिला खोटा खांदा म्हणतात. झाडेपर्यंत पुंगळी त्या खोट्या खांद्यावर टेकून उभी राहते.

डायच्या आट्या इंचाला १४ असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा ७१ थाउ, अष्टमांश फेरा जेमतेम ९ थाउ. डायवर मार्कर पेनने एक रेघ ओढा, म्हणजे किती फिरवलं ते दिसतं. पुंगळी वर न्या, काढा, पुसा, रायफलमध्ये घालून बोल्ट बंद करून बघा. पहिल्यांदा बोल्टचा दांडा अर्ध्यातच थांबेल. डाय अष्टमांश फेरा खाली, परत करा. दांडा आणखी खाली येईल. शेवटी शेवटी सोळांश फेऱ्यानेच जा. हवा आहे तो क्षण असा: दांडा आपोआप पडत नाही, शेवटच्या टप्प्यात अंगठ्याला हलकासा विरोध जाणवतो, नव्या बरणीचं झाकण शेवटचं वळण घेताना जाणवतो तेवढा. तिथे डायची लॉक रिंग घट्ट करा. ही सगळी परीक्षा रिकाम्या पुंगळीवर, प्रायमर आणि पावडर दोन्ही नसताना. घाईत भरलेल्या काडतुसावर ‘बघू तरी’ म्हणून बोल्ट बंद करणारा माणूस मी पाहिला आहे. त्याच्या बाजूला उभं राहू नये.

टेकतंय कुठे ते डोळ्यांनी बघायचं असेल तर पुंगळीचा खांदा काळ्या मार्करने रंगवा आणि बोल्ट बंद करून उघडा. पायरीच्या कडेभोवती केसाएवढी चकचकीत गोल रेघ उमटते. ती अखंड असेल तर छान. अर्धीच उमटली तर मान वाकडी आवळली गेली आहे; दुसरी पुंगळी घ्या.

सगळ्या पुंगळ्या याच मापावर करा, आणि प्रत्येक बोल्टमध्ये घालून बघा. दहातली एखादी वेगळी निघतेच.

मानेची जाडी

मान आवळली की पितळ कुठेतरी जाणारच, ते भिंतीत जातं. भिंत जाड होते. गोळी बसवल्यावर मान चेंबरच्या मानेत घट्ट बसली तर झाडताना तिला फुगून गोळी सोडायला जागा मिळत नाही, आणि दाब अचानक चढतो. हिशोब शाळेतला आहे. भिंत १५ थाउ असेल तर दोन्ही बाजूंची मिळून ३०, त्यात गोळीचे २५७ मिळवा, झाले २८७. चेंबरची मान २९१ असेल तर ४ थाउ मोकळी जागा उरली. ३ थाउपेक्षा कमी उरत असेल तर मान बाहेरून कातून घ्यावी लागते. त्यासाठी हातात धरून फिरवायचं छोटं हत्यार मिळतं. नवख्याने ३ थाउच्या खाली जाऊच नये. स्पर्धेवाले कमी ठेवतात, पण ते प्रत्येक पुंगळी मोजतात, आणि आपण पाचवीनंतर कंटाळतो.

भिंत कॅलिपरने मोजू नका. कॅलिपरचा सपाट जबडा आतल्या गोलाईला नीट बसत नाही आणि जाडी जास्त दाखवतो. बॉल टोकाचा मायक्रोमीटर घ्या.

मऊ करणं

मान आवळल्यावर, झाडण्याआधी. ज्योतीच्या टोकात मान आणि खांदा धरून पुंगळी फिरवत राहायचं. मोजकेच सेकंद लागतात. मी तापमान दाखवणारा लाखेसारखा रंग वापरतो, जो ठरलेल्या अंशाला वितळतो: मानेच्या आत एक ठिपका, आणि खांद्याच्या बऱ्याच खाली अंगावर २३२ अंश सेल्सिअसचा दुसरा. आतला वितळला की काढायचं. बाहेरचा वितळला तर ती पुंगळी चिमट्याने चेपून सरळ भंगारात. उष्णता बुडाकडे गेली. मान लालभडक होईपर्यंत थांबणारे बरेच जण आहेत. मला ते पटत नाही. तेवढ्या वेळात पितळ फाजील मऊ होतं आणि गोळी धरून ठेवण्याची पकड जाते.

पहिल्यांदा करत असाल तर हे काम जाणत्याच्या शेजारी बसून एकदा बघा. वाचून जमत नाही. आणि ज्या टेबलावर पावडर किंवा प्रायमर आहेत त्या खोलीत ज्योत पेटवायची नाही.

लांबीचं जाता जाता: रॉबर्ट्सची कमाल लांबी २.२३३ इंच. त्यापेक्षा लांब असलेल्याच पुंगळ्या आत्ता कापा, बाकीच्यांना हात लावू नका. झाडताना खांदा भरायला पितळ लागतं, ते मानेतून येतं, आणि पुंगळी काही थाउंनी आखूड होऊनच बाहेर पडते. आधीच सगळ्या कापून बसलात तर नंतर आखूड माना घेऊन बसावं लागेल. सगळ्यांची एकसारखी छाटणी झाडल्यानंतर.

झाडून घडवणं

तयार रॉबर्ट्स काडतूस असेल तर रेंजवर जा, डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, आणि एकेक झाडा. ७×५७ पासून केलेल्या पुंगळ्या मात्र भरूनच झाडाव्या लागतात. त्यासाठी मूळ २५७ रॉबर्ट्सचा छापील मॅन्युअलमधला भार, म्हणजे पावडरीचं वजन, घ्यायचा, तुमच्याकडची तीच गोळी, तीच पावडर, आणि सुरुवातीच्या आकड्याच्या आसपास. ॲक्लेचा भार इथे नाही. पुंगळी अजून ॲक्ले झालेलीच नाही, तिच्यात तेवढी जागा नाही. आकडे मी इथे मुद्दाम देत नाही; पावडरीचा आकडा लेखातून उचलायचाच नसतो, माझ्याही नाही. तो ज्याने दाबमापक लावून चाचणी केली आहे त्याच्या ताज्या आवृत्तीतून घ्यायचा.

पिस्तुलाची थोडी पावडर आणि वर रवा भरून, गोळीशिवाय पुंगळी फुगवायची एक युक्ती जुनी मंडळी सांगतात. चालते. पण त्या भाराला छापील पडताळा नसतो आणि जो तो आपल्या अंदाजाने सांगतो. सुरुवात त्यापासून करू नका. रव्याचा शिरा करा.

पहिली झाडली की थांबा. पुढची लगेच भरायची नाही. पुंगळी हातात घेऊन बघा, अजून कोमट असते. खांदा धारदार उठला आहे का? कडा गोलसर राहिल्या असतील तर भार कमी पडला किंवा पितळ कडक होतं. दुसऱ्या वेळी पूर्ण भरते, काळजी नाही. मानेला उभी चीर? मऊ करणं कमी पडलं. बुडाच्या वर चकचकीत वर्तुळ? तिथेच काम बंद.

मग कागदाची पिन. एक पेपरक्लिप सरळ करा, टोक काटकोनात वाकवा आणि कानशीने टोकदार करा. ती पुंगळीत तळापर्यंत घालून भिंतीला टेकवत हळू वर ओढा. चांगल्या पुंगळीत तळाचा उतार लागतो आणि मग भिंत गुळगुळीत येते. ताणलेल्या पुंगळीत तळापासून थोडं वर टोक एका खाचेत ‘टक’ करून अडकतं. डोळ्यांना अजून काहीही दिसत नसतं, आणि बोटांना स्पष्ट कळतं. त्या दोन महिन्यांनंतर मी माझ्या उरलेल्या एकोणीस पुंगळ्यांमध्ये पिन फिरवली. चौदांमध्ये ‘टक’ झालं. त्या पिशवीतूनच मला चेंबरचा हिशोब कळला. बॅरल काढून, मागे घेऊन परत बसवली, आणि नव्या पितळावर पहिल्यापासून सुरुवात केली.

घडल्यानंतर

आता पुंगळी चेंबरच्या मापाची आहे, आणि तिला पुन्हा नको तेवढी दाबायची नाही. खांद्याची जागा मोजायला कॅलिपरवर बसणारं गेज मिळतं. झाडलेल्या पुंगळीचं माप लिहून ठेवा आणि साइझिंग डाय अशी बसवा की खांदा त्यापेक्षा फक्त १ ते २ थाउ मागे जाईल. डायबरोबर आलेल्या चिठ्ठीत ‘शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणारा प्रेसवरचा भाग) टेकेपर्यंत खाली घ्या’ असं लिहिलेलं असतं. तसं केलं तर खांदा कितीतरी जास्त मागे जाऊ शकतो, आणि मग फट परत आलीच.

त्यानंतर भरणं. ॲक्लेच्या आकड्यांसाठीही छापील, चाचणी केलेलं मॅन्युअलच. सुरुवातीच्या आकड्यापासून थोडं थोडं वर. टेबलावर एका वेळी पावडरीचा एकच डबा. प्रायमर चपटा होणं, बोल्ट जड उघडणं, बुडावर इजेक्टरचा ठसा उठणं ही दाबाची चिन्हं आहेत, पण ती उशिरा दिसतात. वाइल्डकॅटमध्ये प्रत्येक चेंबर थोडं वेगळं असतं. शेजाऱ्याच्या रायफलमध्ये चाललेला भार तुमच्यात चालेलच असं नाही.

आणि खोक्यावर लिहा. ७×५७ पासून केलेल्या पुंगळीच्या बुडावर आयुष्यभर ७×५७ असंच कोरलेलं राहणार. दहा वर्षांनी तुमच्या मुलाच्या किंवा मित्राच्या हाती ते खोकं लागलं तर त्याने काय समजायचं? मी जाड पेनने दोन्ही बाजूंना लिहितो: काडतुसाचं नाव, रायफल कुठली, किती वेळा झाडलं, कधी मऊ केलं. बायकोने मसाल्याच्या डब्यांना लावायची लेबलं आणली होती, तीच वापरतो. एका खोक्यावर त्यामुळे ‘धनेजिरे’ छापलेलं आहे आणि खाली २५७ ॲक्ले, तिसरी खेप.

पुंगळ्या घासायच्या यंत्रातली धूळ श्वासात जाऊ देऊ नका. प्रायमरमधलं शिसं त्यात असतं. यंत्र बाहेर पडवीत ठेवा, आणि चहाला बसण्याआधी हात साबणाने, गार पाण्याने.